खुर्च्या सगळ्यांपुरत्या

बिबवेवाडीत जिथे आज इमारतीला इमारत चिकटून उभी आहे, तिथे मच्छिंद्रआप्पांच्या लहानपणी मेथी-कोथिंबिरीचे वाफे होते. वडील भल्या पहाटे सायकलवर जुड्या लादून मंडईत जायचे आणि आप्पा मागून धावत निसटलेल्या जुड्या गोळा करायचे. पुढे शहर पसरत पसरत वाफ्यांपर्यंत आलं. जमिनीतून रस्ता गेला, काही विकली, उरलेली भावाभावांत वाटली गेली. आप्पांच्या वाट्याला एक दुमजली घर आणि त्याखालचे गाळे आले. एका गाळ्यात मुलानं, पृथ्वीराजनं, नळ-पाइपांचं दुकान टाकलं, बाकीच्यांचं भाडं येत राहिलं. लोकांना वाटायचा तेवढा पैसा त्यांच्याकडे कधीच नव्हता, पण ताठा मात्र सगळ्या शेताचा शिल्लक होता.

हा ताठा एका गोष्टीत फार दिसायचा. आप्पा कुणाचं फुकट घेत नसत. लग्नाला गेले की आधी आहेर द्यायचा, मगच पंगतीला बसायचं. कोरोनाच्या वेळी शेजारच्या महापालिकेच्या शाळेत लस फुकट मिळत होती, तेव्हाही आप्पा रिक्षा करून खासगी दवाखान्यात गेले आणि पैसे मोजून टोचून आले. बायडाबाई, त्यांच्या पत्नी, शाळेतल्या रांगेत उभ्या राहून टोचून घेऊन आल्या. संध्याकाळी दोघांचेही दंड ठणकत होते.

"दुखतंय तर सारखंच की ओ," बायडाबाई म्हणाल्या.

"तुझं फुकाटचं दुखणं हाय," आप्पा म्हणाले, आणि त्यावर त्यांच्या बाजूनं विषय संपला.

साखरेचा आजार जुना होता. त्यानं हळूहळू मूत्रपिंडं निकामी केली आणि आप्पांना डायलिसिसला बसावं लागलं. घरापासून जवळच एका ट्रस्टचं हॉस्पिटल होतं. तिथे दुसऱ्या मजल्यावर एका लांब खोलीत आरामखुर्च्यांची रांग, प्रत्येक खुर्चीशेजारी एक मशीन. दंडात दोन सुया घालायच्या, एकीतून रक्त बाहेर काढायचं, मशीननं ते धुवायचं, दुसरीतून परत आत सोडायचं. आठवड्यातून तीन दुपारी, दर वेळी चार तास. हात हलवायचा नाही. पाणी मोजून प्यायचं, तेही घोटाघोटानं. विहिरीला तोंड लावून पाणी प्यालेल्या माणसाला हे शेवटचं फार जड गेलं.

पहिले काही दिवस आप्पा कुणाशी बोलले नाहीत. छताकडे बघत पडून राहायचे. समोरच्या भिंतीवर टीव्ही होता. निवडणुकीचे दिवस होते. एका दुपारी पडद्यावर चार चौकटींत चार माणसं एकदमच ओरडत होती आणि खाली ठळक अक्षरांत प्रश्न होता, सगळ्यांच्या उपचारांचा खर्च सरकारनं करावा का?

"करा की," आप्पा मोठ्यानं म्हणाले. "धान्य फुकाट, औषध फुकाट, एसटी फुकाट. आता घास भरवायला माणूस ठिवा."

"ठेवतील तेव्हा मला सांगा," शेजारच्या खुर्चीतून आवाज आला. "माझा हा हात चार तास गुंतलेला असतो."

आप्पांनी मान वळवली. हिरवट शाल पांघरलेली, साठीला टेकलेली एक किडकिडीत बाई टीव्हीकडेच बघत होती.

"तुमी योजनेतल्या का?" आप्पांनी विचारलं.

"हो. सरकारी योजनेतली. आणि तुम्ही?"

"म्या पैसं भरतो."

"मग तुमचं रक्त जास्त स्वच्छ होत असेल," बाई म्हणाली.

मशीन सांभाळणारा तंत्रज्ञ राकेश तेवढ्यात तिथून जात होता. त्याला हसू आवरायला तोंड फिरवावं लागलं.

त्या बाईंचं नाव आबेदाबी. त्यांचे यजमान दादामियाँ गाद्या भरायचे, ते वारून बरीच वर्षं झाली होती. आबेदाबींनी उभं आयुष्य शनिवार पेठेतल्या एका शिवणाच्या दुकानात काढलं होतं. साडीला फॉल लाव, पिको कर, ब्लाउजची बाही उसवून परत बसव. तिथल्या गिऱ्हाईक बायकांच्या कपड्यांबरोबर त्यांची तिरकस भाषाही आबेदाबींनी अंगी बसवून घेतली होती. आता त्या अप्परच्या वस्तीत दोन खोल्यांत मुलीजवळ राहत. मुलगी नाजिमा सातारा रस्त्यावरच्या एका कपड्यांच्या दुकानात नोकरीला होती.

त्या दिवशी आप्पा घरी गेले ते चिडून. रात्री जेवताना मध्येच म्हणाले, "रक्त स्वच्छ व्हतंय म्हणे!" बायडाबाईंना काहीच कळलं नाही. पण बऱ्याच दिवसांनी नवरा जेवणावर चिडला नव्हता, माणसावर चिडला होता, हे त्यांच्या लक्षात आलं.

पुढच्या खेपेला आप्पा तयारीनं आले. सुया टोचून झाल्याबरोबर त्यांनी सुरुवात केली.

"आबेदाबी, माणसानं आपल्या दुखण्यापाण्यासाठी आपण साठवावं का न्हाई?"

"साठवलं होतं. दादामियाँच्या दुखण्यात गेलं. माझ्यासाठी परत साठवायला घेतलं, तर किडन्या थांबायला तयार नव्हत्या."

"पर दुसऱ्यानं का भरावं?"

आबेदाबींनी थोडा विचार केला. "तुमच्या शेतातून रस्ता गेला म्हणतात ना? त्या रस्त्यानं मी दर खेपेला बसनं येते. तुम्ही कधी आडवे हात करून पैसे मागितले नाहीत."

 याचं उत्तर सुचायला आप्पांना दोन दिवस लागले. आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं, "रस्त्याची भरपाई मिळाली व्हती मला."

"डॉक्टरांनाही पगार मिळतो की," आबेदाबी म्हणाल्या. "इथे फुकट कोण काम करतंय? राकेश, तू करतोस?"

"मावशी, मला यात ओढू नका," राकेश म्हणाला.

असं ते सुरू झालं आणि सुरूच राहिलं. दर वेळी आबेदाबीच जिंकत असं नाही. एकदा आप्पा म्हणाले, "सरकार द्यायचं म्हणतं, पर दवाखान्याला पैसं वर्ष-वर्ष येत न्हाईत. मग दवाखाना कुठं काटणार? तुमच्यावरच काटणार. तुमचा तो रक्त गाळायचा फिल्टर किती येळा धुऊन वापरत्यात आन माझा किती येळा, इचारा राकेशला." राकेश दुसऱ्या मशीनकडे गेला. ते खरं होतं. आप्पांना जिंकल्याचा आनंद झाला नाही. जाताना ते म्हणाले, "मी आपलं बोलायचं म्हणून बोललो." "खरंच बोललात," आबेदाबी म्हणाल्या. "त्याचा राग नाही."

भांडता भांडता बाकीचंही निघू लागलं. आप्पा विहिरीबद्दल बोलायचे, आबेदाबी एका नवरीच्या शालूबद्दल, जो लग्नाच्या सकाळी उसवला होता आणि त्यांनी तो नवरीच्या अंगावरच शिवला होता. तहान लागली की दोघंही बर्फाचा खडा गालात धरायचे. खडा विरघळेपर्यंत भांडण थांबायचं.

एका दुपारी आप्पा बोलता बोलता मध्येच थांबले. आबेदाबींनी एक टोमणा मारला, उत्तर नाही. दुसरा मारला, तरी नाही. त्या ओरडल्या, "राकेश! आप्पा गप्प बसलेत, लवकर ये!" राकेश धावत आला. आप्पांचा रक्तदाब झपाट्यानं उतरत होता, तोंड पांढरंफटक पडलं होतं. पाय वर घेतले, सलाइन सोडलं, हळूहळू डोळे उघडले. मशीननं शिट्टी द्यायच्या आधी बाईंनी हाक दिली, हे राकेशनं नंतर सगळ्यांना सांगितलं. आप्पा आबेदाबींना फक्त एवढंच म्हणाले, "तुमचं दुसरं बोलणं मला आयकू आलं व्हतं. त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय."

मग तो दिवस आला. योजनेतल्या माणसांचा दर वेळी फोटो आणि अंगठा घेऊन संगणकावर नोंद करावी लागे. त्या दुपारी संगणक चालेना. आबेदाबी आणि आणखी तिघं खोळंबले, त्यांच्यापायी पुढची सगळीच रांग खोळंबली. आप्पांच्या पुतणीचा साखरपुडा होता, संध्याकाळी पोचायचं होतं. दोनदा घड्याळ बघून ते उठले आणि बाहेरच्या खोलीत हॉस्पिटलचा कारभार बघणाऱ्या शेफाली मॅडम बसत, तिथे गेले.

"पैसं भरणाऱ्यानं किती ताटकळायचं? यांचं काय ते येगळं करा की."

बोलून ते परत येऊन बसले. साखरपुड्याला पोचले, पेढा हातात धरून फोटोही काढून घेतला, आणि बोललेलं विसरूनही गेले. शेफाली मॅडम विसरल्या नाहीत. पैसे भरणाऱ्या आणखी काहीजणांचंही तेच म्हणणं होतं. थोड्याच दिवसांत दाराशी सूचना लागली. योजनेतल्या रुग्णांनी यापुढे मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी पहाटे पाचला यावं.

सोमवारी आप्पा आले तर शेजारच्या खुर्चीत एक तरुण माणूस कानात बोळे घालून मोबाइल बघत होता. आप्पांनी त्याच्याशी बोलायचा प्रयत्न केला. त्यानं एक बोळा काढला, "सॉरी अंकल, काही म्हणालात?" असं विचारलं आणि परत घातला. चार तास एवढे लांब असतात हे आप्पांना त्या दिवशी कळलं.

घरी ते मुके झाले. बायडाबाईंनी अळणी भाजी पुढे ठेवली तरी कुरकुरले नाहीत. बायडाबाईंना काळजी वाटू लागली.

दोन-तीन आठवड्यांनी हॉस्पिटलच्या जिन्यात त्यांना नाजिमा भेटली. आईचा रिपोर्ट न्यायला ती दुपारच्या सुट्टीत पळत आली होती.

"आई बरी हाय का?" आप्पांनी विचारलं.

"आहे काका. पण पहाटे फार त्रास होतो. त्या वेळी बस नसते, रिक्षा मिळत नाही. सोबत कुणीतरी थांबावं लागतं, मग मी थांबते. तिला घरी सोडून दुकानात जाईपर्यंत उशीर होतो. मालक म्हणाले, असंच चालणार असेल तर बघावं लागेल." ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "कुणीतरी तक्रार केली म्हणे. जाऊ दे. तुमची फार आठवण काढते ती. म्हणते, पहाटे सगळे झोपलेले असतात, बोलायचं कुणाशी?"

आप्पा जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले. ती खाली उतरून गेली तरी तिथेच होते.

मग ते शेफाली मॅडमकडे गेले. "त्यांना परत दुपारी घ्या."

"आप्पा, तुम्हीच म्हणाला होतात ना?"

"म्हणलो व्हतो. माणूस एका दिवसाचं बोलतो, तुमी बारा महिन्यांचं येळापत्रक करता व्हय?"

शेफाली मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी आप्पांना खुर्ची दिली. दुपारच्या सगळ्या खुर्च्या आता भरल्या होत्या, बदल केला तर पुन्हा सगळ्यांना हलवावं लागणार होतं.  आप्पा म्हणाले, "मग मला तिकडं टाका. पहाटे. योजनेत."

"तुम्हाला?"

"आता पांढऱ्या रेशनकार्डालाबी मिळतं म्हणं."

"मिळतं. हक्कच आहे तुमचा. पहाटेची एक जागा येत्या आठवड्यात रिकामी होतेय. नवीन लोकांची यादी आहे, पण तुम्ही आमचे जुने पेशंट. तुम्हाला आधी बसवता येईल."

घरी हे ऐकून पृथ्वीराज उभाच राहिला. "आप्पा, आपल्याला काय कमी आहे? मी पैसे भरतोय ना? गावातले लोक म्हणतील, पोराला बाप जड झाला."

"तुझा बाप जड न्हाई झाला. त्याला करमंना झालंय."

"मग मोठ्या हॉस्पिटलात नेतो. स्वतंत्र खोली, स्वतंत्र टीव्ही."

"टीव्हीशी भांडू का?"

बायडाबाई भाकरी थापत होत्या. थापता थापता म्हणाल्या, "पृथ्वी, तुझ्या बापाला योजना नको हाय आन खोली बी नको. भांडायला माणूस पायजे. आदी माझ्यासंगं भांडायचे, म्या दमले." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता.

मंगळवारी पहाटे ते उठले, कानटोपी घातली आणि हॉस्पिटलात गेले. खोलीत मंद दिवे होते. आबेदाबींच्या हातात सुया लागल्या होत्या. शेजारच्या स्टुलावर नाजिमा बसल्या बसल्या पेंगत होती.

"अरे वा," आबेदाबी म्हणाल्या. "वाट चुकलात?"

आप्पा उभ्यानंच म्हणाले, "ती तक्रार म्या केली व्हती."

नाजिमा खडबडून जागी झाली. आबेदाबींनी मात्र शाल नीट केली. "माहीत आहे मला. शेफाली मॅडम म्हणाल्या, एका ज्येष्ठ रुग्णाची तक्रार होती. इथे ज्येष्ठ पुष्कळ आहेत, पण तक्रार करण्याएवढा दम कुणाकडे आहे?"

"मग कळवलं का न्हाई? शिव्या तरी द्यायच्या."

"पहाटे उठून शिव्या द्यायला तुमच्या घरी येऊ?" मग त्या म्हणाल्या, "वाईट वाटलं होतं आप्पा. खोटं कशाला बोलू."

आप्पांनी मान खाली घातली. मग योजनेतल्या जागेचं सांगितलं. ऐकून आबेदाबी खूश होतील असं त्यांना वाटलं होतं. त्यांचा चेहरा उलट गंभीर झाला.

"ती जागा घेऊ नका."

"का? तुमीच म्हणत व्हता, सगळ्यांना मिळालं पायजे. सगळ्यांत मी न्हाई का?"

"आहात ना. पण त्या यादीत कोण आहे बघितलंत? पहिलं नाव एका रिक्षावाल्याचं आहे. तो दर खेपेला शहराच्या दुसऱ्या टोकाला जातो आणि डायलिसिस झाल्यावर तसाच रिक्षा चालवत परत येतो. राकेशनं सांगितलं मला. तुमच्याकडे दुपारची खुर्ची आहे, त्याच्याकडे कुठलीच नाही."

"म्हंजे सगळ्यांसाठी असून सगळ्यांसाठी न्हाई."

आबेदाबींनी भरलेल्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. मशीन गुरगुरत होतं. त्या म्हणाल्या, "सगळ्यांसाठी म्हटलं की खुर्च्याही सगळ्यांपुरत्या लागतात आप्पा. कार्ड वाटून होतात, खुर्च्या होत नाहीत. हे मात्र मी कधी बोलले नव्हते. हा डाव तुमचा."

आप्पांना त्या डावाचं काही वाटलं नाही. त्यांचं लक्ष नाजिमाकडे गेलं होतं. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती, आणि बघतेय हे आईला दिसू नये म्हणून लगेच नजर खाली घेत होती.

"पोरी, तू जा," आप्पा म्हणाले.

"कुठे?"

"कामाला. घरी जाऊन आवर, दोन घास खा आन येळेवर जा. मी बसतो हितं. झाल्यावर रिक्षानं सोडतो आईला."

"अहो काका, तुम्ही स्वतः..."

"माझं कालच झालंय. आज मी ठणठणीत हाय. शेतकरी माणूस, पहाटे झोप लागत न्हाईच."

नाजिमानं आईकडे बघितलं. आबेदाबींनी हातानंच जा म्हटलं. रुग्णासोबत थांबणाऱ्याचं नाव नोंदवायचं असे. राकेशनं विचारलं, "नातं काय लिहू आप्पा?"

"शेजारी लिही."

"पत्ते वेगळे आहेत."

"आरं, खुर्चीचा शेजारी."

राकेशनं नुसतं शेजारी लिहिलं.

तेव्हापासून आप्पांचे आठवड्याचे सहा दिवस हॉस्पिटलात जाऊ लागले. तीन दुपारी स्वतःसाठी, तीन पहाटे आबेदाबींसाठी. ती रिकामी जागा रिक्षावाल्याला मिळाली. उत्तरेश्वर त्याचं नाव, तोही बोलका निघाला. बायडाबाई भाजी उकडून, तिचं पाणी काढून टाकून, दोन डबे करू लागल्या. मूत्रपिंडाच्या रुग्णाला तशीच भाजी चालते. एका शनिवारी त्या स्वतःच डबा घेऊन आल्या. आबेदाबींना नीट न्याहाळून बघितलं आणि त्यांच्या पायावरचं पांघरूण सारखं करत म्हणाल्या, "तुमी यांना हरवता म्हणं?"

"कधी कधी."

"हरवत जा. घरी आले की दोन भाकरी जास्त खात्यात."

पहाटेच्या पाळीत आप्पांनी जे बघितलं ते दुपारी कधी दिसलं नव्हतं. माणसं पहिल्या बसची वाट न बघता चालत यायची. पोटऱ्यांत गोळे आले तर ओठ चावून सोसायची, कारण आरडाओरडा केला तर जागा जाईल अशी उगाच भीती. आप्पा कुणाची पोटरी चोळून द्यायचे, कुणाला घोंगडी आणून द्यायचे, आणि एकदा फिल्टरवरून शेफाली मॅडमशी असे भांडले की आबेदाबींना दुसऱ्या खोलीतून ऐकू आलं. "आता कुणाच्या बाजूनं बोलताय?" त्यांनी विचारलं. "मी माझ्याच बाजूनं बोलतोय," आप्पा म्हणाले. "पैसं सरकारचं म्हंजे माझंच. मग माल चांगला नको?"

थंडी संपता संपता लग्नसराई सुरू झाली. एका लग्नासाठी आप्पांनी दुपारचं डायलिसिस चुकवलं, आहेर दिला, पंगतीला बसले आणि ऊन, तहान आणि मित्रांचा आग्रह यांत मठ्ठ्याचे पेले रिचवले. मूत्रपिंडं बंद पडलेल्या माणसाच्या अंगात गेलेलं पाणी बाहेर जायला वाट नसते. दुसऱ्या दिवशी पहाटे उठल्यापासूनच छाती भरल्यासारखी वाटत होती, तरी ते उशिरा का होईना निघाले. जिना चढून खोलीत आले आणि स्टुलावर टेकले, तेव्हा त्यांना एकेक श्वास ओढून घ्यावा लागत होता.

"आप्पा?" आबेदाबी म्हणाल्या. "राकेश! राकेश!"

राकेशनं छातीला स्टेथोस्कोप लावला आणि डॉक्टरांना फोन लावला. फुप्फुसात पाणी भरत होतं. ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं, पण खरा उपाय एकच होता, ताबडतोब मशीन. आणि एकही मशीन रिकामं नव्हतं. प्रत्येकाला कुणी ना कुणी जोडलेलं होतं.

"माझं निम्मं झालंय," आबेदाबी म्हणाल्या. "मला उतरव."

"मावशी, तुमचे अजून दोन तास..."

"डॉक्टरांना विचार. लवकर विचार."

डॉक्टर फोनवर हो म्हणाले. राकेश सुया काढायला लागला. मास्कच्या आतून आप्पा मान हलवत होते, नाही, नाही. हातानं त्यांनी आबेदाबींच्या खुर्चीचा कठडा धरला.

"गप्प बसा," आबेदाबी म्हणाल्या. "भांडायचं ते नंतर."

मशीन धुऊन नव्यानं जुळवायला लागला तेवढा वेळ फार अवघड गेला. उत्तरेश्वर आपल्या खुर्चीतून सांगत राहिला, आप्पा, हळू घ्या, हळू श्वास घ्या. मग एकदाचं मशीन सुरू झालं. अंगातलं पाणी उतरू लागलं तसतशी छाती मोकळी होत गेली.

पृथ्वीराज धापा टाकत आला तेव्हा ऊन वर आलं होतं. त्यानं बघितलं, वडील योजनेच्या रांगेत खुर्चीवर झोपले आहेत, चेहऱ्यावर रंग परत येतोय, आणि एक बारीकशी बाई स्टुलावर बसून एका हातानं स्वतःच्या दंडावरचा बोळा दाबून धरतेय आणि दुसऱ्या हातानं आप्पांच्या अंगावरची घोंगडी सावरतेय. राकेशनं त्याला काय झालं ते सांगितलं. मोठ्या हॉस्पिटलात हलवायचं म्हणून तो गाडी घेऊन आला होता. पण तो आबेदाबींसमोर बसला आणि म्हणाला, "मावशी, द्या, मी दाबतो."

बोळ्यावर बोटं दाबून तो बराच वेळ तसाच बसला. आबेदाबींच्या हाताला त्याच्या वडलांच्या हातासारखीच शीर फुगून आली होती, तिच्यात रक्त वाहताना बोटांना थरथर लागत होती.

"तुमचे दोन तास राहिले," तो म्हणाला.

"परवा भरून काढतील. ते उठले की तू काही बोलू नकोस. उपकार वगैरे म्हणू नकोस. त्यांना सोसणार नाही."

आप्पा उठले तेव्हा त्यांनी आधी आबेदाबींच्या दंडाकडे बघितलं, मग मुलाकडे. डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलं नाही. एका हातात सुया होत्या आणि दुसरा हात बायडाबाईंच्या हातात होता. त्या नेमक्या तेवढ्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या दिवशी आबेदाबींना पृथ्वीराजनं गाडीतून घरी सोडलं, आणि जिना चढताना त्यांना आधार दिला.

पुढे हॉस्पिटलात एक मशीन वाढलं. यादी थोडी सरकली, पुन्हा लांबली. आबेदाबींची वेळ पहाटेचीच राहिली. नाजिमाची नोकरी टिकली. आप्पांना महिनाभर डॉक्टरांनी पहाटे बाहेर पडू दिलं नाही. तेवढे दिवस पृथ्वीराज दुकान उघडायच्या आधी जाऊन स्टुलावर बसला. आबेदाबींनी बापाला नंतर अहवाल दिला, "पोरगा गुणी आहे, पण भांडता येत नाही त्याला. सगळ्याला हो म्हणतो."

परवाच्या गुरुवारी आप्पा वर्तमानपत्र घेऊन बसले होते. आत कुठेतरी बातमी होती, उपचार सगळ्यांना सरकारनं द्यावेत की विम्यानं, यावर तज्ज्ञांचं काय म्हणणं आहे. आप्पांनी ती चष्मा सावरत मोठ्यानं वाचायला घेतली. मध्येच थांबून म्हणाले, "हे बघा आबेदाबी, हितं चुकत्यात हे लोक..." आणि मान वर केली.

आबेदाबींना झोप लागली होती. शाल खांद्यावरून घसरली होती. आप्पांनी उठून ती गळ्यापर्यंत ओढली, सुयांचा हात नीट बाहेर ठेवला, आणि वर्तमानपत्राची घडी आवाज न करता गुडघ्यावर ठेवली. मुद्दा त्यांना पक्का सुचला होता. त्या उठेपर्यंत थांबायला त्यांची काही हरकत नव्हती.